कोकण रेल्वेच्या टपावरून तुर्कस्तानात: एका पाठलागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाँड मालिकेतला तेविसावा चित्रपट, 'स्कायफॉल', सुरू होतो तो पाठलागाने. भरबाजारातून मोटारसायकली सुटतात, छपरांवरून धावतात, पुढे नायक आणि त्याचं सावज दोघेही धावत्या आगगाडीच्या टपावर येऊन पडतात. तिथे हाणामारी, गाडीवर लादलेलं एक पोकलेन, डोंगरातला उंच दगडी पूल, दुरून झाडलेली गोळी आणि नायक खाली नदीत. पडद्यावर हे सगळं तुर्कस्तानात घडतं. 2011 साली, कॅमेरा सुरू व्हायच्या आधी, हाच पाठलाग भारतात करायचं ठरत होतं. बाजार दिल्लीचा, सरोजिनी नगरचा. आणि गाडी गोवा ते अहमदाबाद या पट्ट्यातली, म्हणजे बऱ्याच अंशी आपल्या कोकण रेल्वेची.

तो इथे का झाला नाही, याची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पहिलं, 'सरकारी खाक्या, दुसरं काय!' दुसरं, 'बरं झालं, टपावर बसलेली गर्दीच जगाला दाखवायची होती त्यांना.' दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्हींनी भागत नाही. लोकेशनच्या धंद्यात असलेल्या माणसाला यात तिसरी गोष्ट दिसते, आणि ती पुढच्या कामासाठी जास्त उपयोगाची आहे. म्हणून हे प्रकरण. यातल्या मंत्र्यांची, अधिकाऱ्यांची, मध्यस्थांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कोण कसा होता यापेक्षा कुणाच्या खुर्चीतून काय दिसत होतं, हे इथे महत्त्वाचं.

आधी निर्मितीची बाजू. 2010 साली या मालिकेमागचा अमेरिकी स्टुडिओ आर्थिक संकटात सापडला आणि चित्रपटाचं काम थांबवावं लागलं. तो दिवाळखोरीतून बाहेर पडल्यावर जानेवारी 2011 मध्ये घोषणा झाली की नवा चित्रपट नोव्हेंबर 2012 मध्ये अमेरिकेत येणार. मालिकेचा पहिला चित्रपट ऑक्टोबर 1962 चा. पन्नाशीचं वर्ष हुकवायचं नव्हतं. थोडक्यात, कथा, नटसंच, लोकेशन यांपैकी बरंच काही हलू शकत होतं, पण प्रदर्शनाची तारीख हलणार नव्हती. चित्रीकरण 7 नोव्हेंबर 2011 ला सुरू झालं. खर्चाचा आकडा 15 ते 20 कोटी डॉलरांच्या दरम्यान सांगितला जातो.

एवढ्या आकाराच्या हेरपटाचं काम कसं चालतं, हे दोन शब्दांत सांगायला हवं. मुख्य युनिट नटांना घेऊन एकीकडे असतं. स्टंट, वाहनं, हेलिकॉप्टरमधली दृश्यं यांसाठी सेकंड युनिट वेगळं फिरतं, तेही शेकडो माणसांचं. या दोघांचा तळ लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत. तिथला सगळ्यात मोठा मजला, म्हणजे सेट उभारायची छपराखालची जागा, 1976 साली याच मालिकेसाठी बांधला, कारण तेलवाहू जहाजाच्या पोटात पाणबुड्या दाखवायच्या होत्या आणि तेवढं मोठं छप्पर कुठेच नव्हतं. हा मजला 1984 ला जळला, पुन्हा बांधला, 2006 ला परत जळला, परत बांधला. ज्या धंद्यात अशी इमारत दोनदा राखेतून उभी केली जाते, तिथे 'आपल्या हातातली जागा' ही चैन नसून गरज आहे, एवढं यावरून कळतं.

भारत या मंडळींना नवा नव्हता. 1982 साली त्यांनी उदयपूरला काम केलं होतं, पिछोला तलावातला महाल आणि तिथलाच सज्जनगड महाल (साताऱ्याचा नव्हे) जगाला दाखवला होता. त्याच चित्रपटातली आगगाडीची मारामारी मात्र भारतात झाली नव्हती. पूर्व जर्मनी म्हणून दाखवलेली ती गाडी इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळच्या नेने व्हॅली या सुमारे 12 किलोमीटरच्या हौशी वारसा रेल्वेवर धावली. तिथे एक अपघात झाला. डब्याच्या बाहेरच्या बाजूला लटकलेला स्टंटमन रुळालगतच्या बांधकामावर आदळला आणि जबर जखमी झाला. रेकी (जागेची आगाऊ पाहणी) करून, तालीम करून पक्का केलेला रुळांचा तुकडा संपल्यावरही गाडी पुढे जात राहिली होती. रेल्वेवर स्टंट करणाऱ्यांच्या डोक्यात ही गोष्ट कायमची बसलेली असते. मोजलेला तुकडा संपला की गाडी थांबलीच पाहिजे, उलटी आली पाहिजे, आणि तोच शॉट त्याच तुकड्यावर परत घेता आला पाहिजे.

पेच

आता रेल्वेची बाजू. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत, सुमारे 740 किलोमीटर. केंद्र आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या राज्यांच्या भागीदारीतलं महामंडळ, मुख्यालय बेलापूरला. 2011 साली हा संपूर्ण मार्ग एकेरी होता. समोरून येणारी गाडी स्टेशनात क्रॉसिंगला घेतल्याशिवाय दुसरी पुढे सरकत नाही. कणकवली किंवा रत्नागिरीच्या अलीकडे एखाद्या लहान स्टेशनात अर्धा तास उभं राहून 'राजधानी जाऊ दे मग सुटेल' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, तो कोकणात गेलेलाच नाही.

अशा मार्गावर चित्रीकरण म्हणजे ब्लॉक, तेवढा वेळ रूळ इतर गाड्यांना बंद. देखभालीसाठी दोन-तीन तासांचा ब्लॉक घेतला तरी आदल्या दिवशी पेपरात चौकट येते, अमुक गाडी इतकी उशिरा, तमुक गाडी अमुक स्टेशनात रोखणार. झुआरीच्या किंवा मांडवीच्या पुलावर गाडी मागेपुढे करत ठेवली, तर उत्तरेला पनवेलपर्यंत आणि दक्षिणेला केरळपर्यंत वेळापत्रक कोलमडतं. आणि हेरपटाला दोन-तीन तास पुरत नाहीत. टपावरच्या मारामारीत नटाला दोर बांधायचे, ते तपासायचे, कॅमेऱ्याची क्रेन बसवायची, सूर्य एका कोनात असताना गाडी सोडायची, शॉट फसला की मागे घ्यायची. दिवसाला पडद्यावरचे मोजके सेकंद हाती लागले तरी सेकंड युनिट खूश असतं. असे दिवस सलग हवेत, कारण उद्या ऊन वेगळं पडलं तर जोड दिसतो.

त्यात हा पट्टा एका मालकाचा नाही. रोह्याच्या पुढे मध्य रेल्वे लागते, वसईपासून अहमदाबादकडे पश्चिम रेल्वे. खुद्द गोव्यात उत्तर-दक्षिण जाते ती कोकण रेल्वे, पण वास्कोहून कुळें आणि दूधसागरमार्गे कॅसलरॉकला चढते ती दक्षिण पश्चिम रेल्वे, तिचं मुख्यालय हुबळीला. बाहेरून आलेल्या रेकीवाल्याला सगळीकडे एकच 'इंडियन रेल्वे' दिसते. ब्लॉक मागायला मात्र प्रत्येक दार वेगळं.

मग त्यांना हा मार्ग हवा का होता? सौंदर्य हे कारण आहेच, बोगद्यातून एकदम खाडीवर निघणारी गाडी जगात फार ठिकाणी मिळत नाही. पण माझ्या मते जास्त पक्कं कारण वेगळं. 2011 मध्ये कोकण रेल्वे डिझेलवर चालायची. डब्यांच्या वर विजेची तार नव्हती. टपावर माणसं उभी करायची, वरून क्रेन आणि हेलिकॉप्टर आणायचं, तर उघडं आकाश लागतं. भारतातल्या बहुतेक गजबजलेल्या मुख्य मार्गांवर ते तेव्हाही नव्हतं.

अटी

परदेशी कथापटाला भारतात चित्रीकरणासाठी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे पटकथेसह अर्ज करावा लागतो. ते केंद्राचं दार. त्यानंतर रेल्वे, पोलीस, महापालिका, विमान वाहतूक अशी स्वतंत्र दारं. त्या काळी हे सगळं एका टेबलावर आणणारी यंत्रणा नव्हती.

रेल्वेकडून परवानगी लवकर मिळाली नाही. मिळाली तेव्हा अटींसह मिळाली. वर्तमानपत्रांत आलं त्याप्रमाणे मुख्य आक्षेप होता टपावर प्रवासी बसलेले दाखवण्याला. शिवाय रेल्वे मंत्रालयाच्या पातळीवर अशी कल्पना पुढे आली की या निमित्ताने बाँडने भारतीय रेल्वेची जाहिरात करावी, रेल्वे बाँडपेक्षाही मजबूत आहे असा काहीतरी संदेश जावा. यावर तेव्हा बरीच थट्टा झाली. मी ती थट्टा करणार नाही, कारण आक्षेपामागे खरी भीती होती. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला उत्तर प्रदेशात शाहजहानपूरजवळ, भरतीसाठी गेलेले आणि गाडीच्या टपावर बसून परतणारे तरुण वरच्या पुलावर आदळून डझनाहून जास्त मेले होते. टपावरचा प्रवास हा रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 156 खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड. ज्या खात्याने ते वर्ष या बातमीने सुरू केलं, त्याने टपावरच्या हाणामारीला हसतहसत सही द्यावी, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

या प्रकरणाची गाठ मला इथेच दिसते. रेल्वे बोलत होती ती चित्राबद्दल: पडद्यावर आमचं काय दिसेल? निर्मात्यांना हवी होती ती वेळ: रूळ किती दिवस, किती तास, आणि ते कधी कळेल? वाटाघाटी पहिल्या प्रश्नावर झाल्या. पहिल्याचं उत्तर 'हो, पण' असं आलं, तोवर दुसऱ्याची मुदत संपत आली होती. चित्रीकरण नोव्हेंबरमध्ये सुरू होणार असेल तर स्टंटवाल्यांना रुळांचा तुकडा त्याच्या काही महिने आधी माहीत लागतो. त्यावर क्रेन बसवायची, डबे आतून मजबूत करायचे, मोजमापं घ्यायची असतात. ऑक्टोबरमध्ये मिळालेली अटींसह परवानगी कागदावर परवानगी असते, कॉल शीटवर, म्हणजे युनिटच्या रोजच्या कामाच्या तक्त्यावर, नसते.

समोरचे पर्याय

निर्मात्यांपुढे तेव्हा काय काय होतं, ते बाहेरून पाहता असं मांडता येईल.

अटी मान्य करून कोकणातच राहायचं. गर्दी टपावर दाखवायची नाही हे एक वेळ चालेल, कारण कथेला गर्दीची गरज नव्हती, दोनच माणसं पुरेशी. खरी अडचण तारखांची. डिसेंबर-जानेवारीत गोव्याच्या गाड्या भरून वाहतात. मार्चमध्ये शिमगा, 2012 साली होळी 7-8 मार्चला आली होती आणि त्या आठवड्यात कोकण रेल्वेकडे ब्लॉक मागणं म्हणजे चाकरमान्यांशी वैर घेणं. एप्रिलच्या उत्तरार्धापासून उन्हाळी सुट्टीच्या जादा गाड्या, जूनला पाऊस. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी एवढीच फट उरते. ती चुकली की परतीचा मार्ग नाही.

दृश्य बदलायचं, गाडीऐवजी दुसरं काही. हे कागदावर सोपं वाटतं. पण चित्रपटाचा पाया या पडण्यावर आहे. वरिष्ठांच्या हुकुमावरून झाडलेली गोळी आपल्याच माणसाला लागते, तो मेला असं सगळे धरून चालतात, आणि पुढची सगळी कथा त्या अविश्वासावर चालते. गाडी हलती हवी, नेम चुकायला दोन शरीरं एकमेकांत गुंतलेली हवीत. गच्चीवरच्या मारामारीने ते साधलं नसतं.

बाजार भारतात आणि गाडी दुसरीकडे. हा पर्याय अनेकदा वापरला जातो, पण इथे अवघड. आपले डबे, आपला ब्रॉडगेज, निळा रंग, खिडक्यांचे गज, हे युरोपातल्या कुठल्याही रुळांवर मिळत नाहीत. डबे रंगवता येतात, रुळांची रुंदी रंगवता येत नाही.

स्टुडिओ आणि मागे निळा पडदा, त्या जागी नंतर दुसरं दृश्य जोडायचं. एवढं मोठं छप्पर घरचंच असताना हा मोह होणारच. याच चित्रपटात लंडनच्या भुयारी रेल्वेचे डबे छत फोडून खाली कोसळतात ते पाइनवुडच्या त्या मोठ्या मजल्यावर खऱ्या आकाराचे डबे बनवून, अनेक कॅमेरे लावून. भुयारात अंधार असतो, प्रकाश आपल्या हातात असतो, म्हणून ते जमलं. भर उन्हात, वाऱ्यात, मागून डोंगर सरकताना टपावर उभ्या माणसाचं सोंग मजल्यावर आणलं तर ते लगेच उघडं पडतं. निदान 2011 च्या तंत्राने तरी.

आणि शेवटचा, देशच बदलायचा. यात सगळ्यात जास्त नुकसान दिसतं, कारण रेकीचा खर्च वाया, पटकथेतली शहरं बदलणार, बाजाराचा सेट नव्याने आखायचा. तरीही यातच एक गोष्ट मिळत होती. नव्या यजमानाशी बोलणी सुरुवातीपासून वेळेवर करता येणार होती.

घेतलेले निर्णय

3 नोव्हेंबर 2011 ला लंडनमध्ये पत्रकार परिषद झाली. जाहीर झालेल्या ठिकाणांत लंडन, शांघाय, इस्तंबूल, स्कॉटलंड होतं. भारत नव्हता.

तुर्कस्तानातलं काम मार्च ते मेच्या सुरुवातीपर्यंत चाललं. इस्तंबूलमध्ये मसाल्यांचा बाजार, एमिनोनूचा परिसर, ग्रँड बझारची छपरं. गाडीसाठी दक्षिणेकडचं अदाना. आणि त्या पडण्यासाठी अदाना प्रांतातल्या हाजीकिरी गावाजवळचा वार्दा पूल, जर्मन अभियंत्यांनी बगदादकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला, 172 मीटर लांब, सर्वांत उंच जागी दरीपासून 98 मीटर. स्टंटमनला क्रेनच्या तारेवरून पाठमोरं खाली सोडलं ते इथे, खऱ्या पुलावरून. टपावरच्या दृश्यांत नायकाचं काम करणारा नट स्वतः दोर बांधून उभा होता.

आता इथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. वार्दा पुलावरही रूळ एकेरीच आहे, आणि ती ओळही चालू ओळ आहे, वारसा रेल्वे नव्हे. त्यामुळे 'कोकण रेल्वे एकेरी म्हणून जमलं नाही' हे स्पष्टीकरण टिकत नाही. एकेरी मार्गावरही ताबा देता येतो. त्यासाठी यजमानाला आधी ठरवावं लागतं की द्यायचा आहे, आणि मग गाड्या कुठे थांबवायच्या ते बघावं लागतं. आपल्याकडे क्रम उलटा होता. आधी पटकथेतलं पान तपासलं गेलं, गाड्यांचा प्रश्न त्यानंतरचा.

चित्रपटातली बाकीची ठिकाणं पाहिली की निर्मात्यांची पद्धत आणखी स्पष्ट होते. शांघाय म्हणून आपण जे पाहतो त्यातलं आकाशातून दिसणारं शहर खरं, पण काचेच्या इमारतीतली झटापट लंडनच्या ब्रॉडगेट टॉवरभोवती, पोहण्याचा तलाव लंडनच्याच कॅनरी व्हार्फमधला आणि विमानतळ म्हणजे अ‍ॅस्कटच्या घोड्यांच्या शर्यतीचा स्टँड. मकाऊचा जुगारअड्डा पाइनवुडमध्ये उभारला. स्कॉटलंडचं घर सरे परगण्यातल्या माळावर बांधलं आणि जाळलं, डोंगर ग्लेनकोचे. म्हणजे हा संघ लोकेशनच्या प्रेमात आंधळा नव्हता. जिथे ताबा मिळत नाही तिथे फक्त दूरचं दृश्य घ्यायचं, जवळचं घरी बांधायचं. खऱ्या जागेचा हट्ट त्यांनी मोजक्या दृश्यांसाठी ठेवला, आणि गाडी त्यातली एक होती.

परिणाम

तुर्कस्तानात सगळं सुरळीत झालं असं नाही. बाजार काही काळ बंद राहिला, दुकानदारांना रोजची भरपाई दिल्याच्या बातम्या आल्या. मोटारसायकलींनी ऐतिहासिक छपरांचं नुकसान केलं असा आरोप झाला. निर्मात्यांनी तो फेटाळला आणि सांगितलं की मूळ कौलं आधीच काढून त्या जागी नकली छप्पर बसवलं होतं, काम संपल्यावर मूळचं परत बसवायचं होतं. अदानाच्या रेल्वे यार्डात शाळकरी पोरं घुसली आणि टपावरच्या तालमीचं चित्रण करून बसली. फेथियेच्या किनाऱ्यासाठी 600 हून अधिक रिकाम्या घरांच्या मालकांशी बोलणी करावी लागली. लोकेशन मॅनेजरचं आयुष्य कुठेही असंच असतं.

चित्रपट ऑक्टोबर 2012 मध्ये ब्रिटनमध्ये लागला, तारीख पाळून. जगभरात त्याने 110 कोटी डॉलरांहून जास्त कमावले. वार्दा पुलाला आता पर्यटक येतात. आणि इस्तंबूल या गोष्टीला इतकं शोभलं की मूळ बेत दुसऱ्या देशाचा होता, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. निर्मात्यांसाठी हा यशस्वी माघारीचा नमुना.

आपल्या बाजूचा हिशेब मांडणं अवघड आहे. किती पैसे गेले याचे आकडे तेव्हा अनेकांनी हवेत फेकले, मी त्यात भर घालणार नाही. नक्की गेली ती एक गोष्ट: परदेशी स्टंट पथकाबरोबर कोकण रेल्वेच्या गार्ड, लोको पायलट, ट्रॅकमन मंडळींनी एकदा काम केलं असतं, तर पुढच्या अर्जाला दाखवायला एक कार्यपद्धती तयार झाली असती. उदयपूरला 1982 नंतर परदेशी युनिटं येत राहिली, कारण तिथे 'पूर्वी झालंय' असं सांगणारी माणसं होती. त्याच 2011 साली आलेल्या दुसऱ्या एका हेरपटात मुंबईतलं म्हणून दाखवलेलं स्वयंचलित वाहनतळ तर कॅनडात व्हँकुव्हरला उभारलं होतं. आपलं शहर दुसऱ्याच्या मजल्यावर बांधलं जातं तेव्हा सुतारही तिथलाच लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

निर्मात्यांच्या बाजूने सुरुवात करतो, कारण दोष त्यांचाही आहे. गोवा ते अहमदाबाद असा लांबलचक पट्टा मागणं हीच पहिली अडचण होती. खरी गरज असते आठ-दहा किलोमीटरचा एक तुकडा, एक पूल, एक यार्ड. तेवढं आणि एकाच रेल्वेच्या हद्दीतलं मागितलं असतं, तर बोलणी एका दारावर झाली असती. दुसरं, टपाचा प्रश्न येणार हे शाहजहानपूरनंतर कुणालाही दिसायला हवं होतं. अर्ज करतानाच 'टपावर प्रवासी दिसणार नाहीत, गाडी मालगाडी असेल' असं लिहून देता आलं असतं. अट समोरून येण्याची वाट पाहायची गरज नव्हती. लाइन प्रोड्यूसर, म्हणजे चित्रीकरणाची रोजची व्यवस्था बघणारा माणूस, स्थानिक असण्याचा फायदा तो हाच. त्याने बातम्या वाचलेल्या असतात.

रेल्वेच्या बाजूने दोन गोष्टी. चित्रावरच्या अटी आणि वेळेची परवानगी यांच्या फायली वेगळ्या चालवता आल्या असत्या. 'फेब्रुवारीत अमुक दोन स्टेशनांदरम्यान रोज इतके तास देऊ शकतो, पटकथेचा निर्णय नंतर' एवढं जरी जुलैत लेखी मिळालं असतं, तरी स्टंटवाल्यांनी मोजमापं सुरू केली असती. आणि कमी वर्दळीच्या ओळी सुचवता आल्या असत्या. 2011 मध्ये देशात मीटरगेज आणि नॅरोगेजच्या कितीतरी ओळींवर मोजक्याच गाड्या धावत होत्या. आपल्या विदर्भातली मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतलासुद्धा त्यातलीच. शकुंतलेवर बाँड शोभला असता की नाही हा वेगळा प्रश्न, वऱ्हाडात उन्हाळ्यात टपावर कुणी चढलं असतं की नाही हा त्याहून वेगळा. पण गेज बदलासाठी बंद होणाऱ्या मार्गांवर बंद आणि पुन्हा सुरू होण्यामध्ये जी रिकामी मुदत असते, ती स्टंटवाल्यांसाठी सोन्याची. अशी यादी हातात ठेवून बोलणारा कुणी त्या टेबलावर होता असं त्या वेळच्या बातम्यांतून तरी दिसत नाही.

युरोपातही हे शहाणपण सगळ्यांना आलं आहे असं समजू नये. 2020 साली एका अमेरिकी हेरपट मालिकेसाठी पोलंडमधल्या पिल्होवित्से तलावावरचा शंभरी गाठलेला रेल्वे पूल उडवायचा बेत असल्याची बातमी फुटली, गावकरी आणि इतिहासप्रेमी खवळले, आणि त्या ऑगस्टमध्ये पुलाला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. शेवटी निर्मात्यांनी इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या एका दगडखाणीत रुळांचा तुकडा बांधला आणि तिथून इंजिन खाली पाडलं. ताबा मिळेना म्हणून जागाच बांधली, फक्त छपराखाली न बांधता उघड्यावर.

भारतात नंतर काही बदललं. 2015 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात चित्रपट सुविधा कार्यालय सुरू झालं, परदेशी युनिटांची दारं एका ठिकाणी आणण्यासाठी. 2023 च्या गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात परदेशी निर्मितीसाठी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत परतावा आणि 30 कोटी रुपयांपर्यंतची मर्यादा जाहीर झाली. पैशाचा प्रश्न बराचसा सुटला. रुळांवरच्या वेळेचा नाही. तो अजूनही त्या त्या विभागाच्या वेळापत्रकावर आणि तिथल्या अधिकाऱ्याच्या हिमतीवर ठरतो.

कोकणापुरतं बोलायचं तर ते दृश्य आता मागायचं झालं तरी तसंच मागता येणार नाही. 2022 मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. टपाच्या वर 25,000 व्होल्टची तार आहे. वाहतूक ब्लॉकसोबत वीज ब्लॉक घ्यावा लागेल, तार पडद्यावरून पुसावी लागेल, क्रेनचा हात तिच्या खालून फिरवावा लागेल. आज कुणी असा अर्ज घेऊन बेलापूरला आलं, तर त्याला आधी यार्डातली एखादी बिनतारेची बाजूची लाइन दाखवावी, टपावरचं सगळं तिथे उरकायला सांगावं, आणि मुख्य मार्गावरून फक्त दुरून जाणारी गाडी टिपायला दोन सकाळी द्याव्यात.